अंशतः खरे आहे

हिशेब दोन प्रकारचे असतात. एक मागितल्यावर दिलेला आणि दुसरा न मागता दिलेला. पहिल्या प्रकाराला देणारा घाबरतो. दुसऱ्या प्रकाराला घेणाऱ्यानं घाबरावं, असं माझं मत आहे. शाळेतून आलेला मुलगा दप्तर खाली टाकायच्या आत "बाबा, मला चित्रकलेत पहिला नंबर!" असं ओरडत आला, तर अनुभवी बाप "शाब्बास" म्हणतो आणि पाठोपाठ "गणिताचे पेपर दिले का रे?" असं विचारतो. दिलेले असतात. नळ दुरुस्त करणारा माणूस "वॉशरचे पैसे लावले नाहीत हं साहेब" असं आपण होऊन म्हणाला, तर उरलेलं बिल खुर्चीवर बसून, चष्मा लावून वाचावं.

गंमत अशी की यांपैकी कोणीही खोटं बोललेलं नसतं. चित्रकलेत खरोखरच पहिला नंबर आलेला असतो. वॉशर खरोखरच फुकट असतो. तरीही कोणीतरी आपल्याला शेंडी लावली, अशी एक रुखरुख लागून राहते. खोटं न बोलता फसवता येतं का, हा प्रश्न तसा जुनाच. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वरून चालायचा, तो अश्वत्थाम्याच्या प्रकरणानंतर खाली टेकला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हल्लीचे रथ मुळातच रबरी टायरांवर चालतात. त्यामुळे कोणाचा किती टेकला, हे रस्त्यावरच्या माणसाला कळायला मार्ग नाही.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे आमच्या भागाच्या आमदारांनी आम्हाला न मागता दिलेला हिशेब. एका रविवारी तो वर्तमानपत्राच्या पोटातून बाहेर पडला. चाळीस पानं, चारही रंग, मुखपृष्ठावर आमदारसाहेब आणि खाली 'कार्यअहवाल' अशी सोनेरी अक्षरं. कागद इतका गुळगुळीत, की माझा वाचून व्हायच्या आतच घरात तो फडताळात घालायला मुक्रर झाला. आता तुरीच्या डाळीचा डबा उचलला की आमदारसाहेब हात जोडून हसतात. साखरेच्या डब्याखाली ते एका वृद्ध गृहस्थांना काठी देत आहेत.

छापलेलं काहीही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, ही माझी खोड. (औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागदसुद्धा मी वाचतो आणि मग औषध घेत नाही.) तेव्हा हा अहवालही मी वाचला. चाळीस पानांत आमदारसाहेब एकंदर ६३ ठिकाणी आहेत. पैकी हातात नारळ असलेले २१, कात्री असलेले १७, कुदळ असलेले ९. बाकीच्या ठिकाणी ते मान्यवरांच्या शेजारी नुसतेच उभे आहेत. कुदळीच्या नऊ फोटोंपैकी एकातही कुदळ जमिनीला लागलेली नाही. एका पानावर आमच्या मागच्या गटाराचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो आहेत. 'आधी'च्या फोटोत पावसाळा आहे आणि 'नंतर'च्या फोटोत उन्हाळा.

विधिमंडळाचं काम अडतिसाव्या पानावर सापडलं. अर्धं पान. उरलेल्या अर्ध्या पानावर एका मिठाईवाल्याच्या शुभेच्छा. त्या अर्ध्या पानात लिहिलं होतं, की साहेबांनी सभागृहात 'विविध प्रश्नांवर आवाज उठवला', 'जनतेच्या समस्यांना वाचा फोडली' आणि 'अनेक लक्षवेधी सूचना मांडल्या'. विविध म्हणजे कोणते, आणि अनेक म्हणजे किती? पाककृतींच्या पुस्तकात 'मीठ चवीनुसार' असतं, तशातला हा प्रकार. ज्याला आधीच येतं त्यालाच कळावं.

मी अहवाल घेऊन वरच्या मजल्यावर अण्णांकडे गेलो. अण्णा मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे घरात कोणी "अण्णा, चहा घेणार का?" असं विचारलं, तरी ते आधी 'माहिती संकलित करण्यात येत आहे' अशा चेहऱ्यानं बघतात. दर हिवाळ्यात ते फायलींच्या पेट्यांबरोबर नागपूरला जायचे. १९५३ च्या नागपूर करारामुळे सरकारला वर्षातून एकदा तिथं मुक्काम हलवावा लागतो, आणि त्या करारामुळे आमच्या जिन्याला संत्री मिळायची. हिवाळी अधिवेशनाचा आमच्यापर्यंत पोचलेला एवढाच लाभ.

अण्णांनी अहवाल चाळला, अडतिसाव्या पानावर थोडं थांबले आणि म्हणाले, "अहो, आमदाराची कामं तीन. कायदा करणं, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणं आणि सरकारला प्रश्न विचारणं. यात गटार कुठं आलं?"

"मग गटार कोणाचं?"

"नगरसेवकाचं."

हे तसं बरोबर आहे, पण आमदारांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. २०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बऱ्याच महानगरपालिकांत निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. त्या काळात तुंबलेलं गटार घेऊन माणसानं जायचं कुठं? आमदाराकडेच जायचं. ज्यानं दार उघडलं त्याच्या गळ्यात गटार.

मग अण्णांनी मला विधानसभेतल्या प्रश्नांचं शास्त्र समजावून सांगितलं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर. (तारांकित म्हटल्यावर आम्हा लोकांना हॉटेलं आठवतात, तो भाग वेगळा.) पण मला भावली ती त्या प्रश्नोत्तरांची भाषा. ती मराठीतली एक स्वतंत्र बोली आहे. तिच्यात 'का?' असं कोणी विचारत नाही. 'हे खरे आहे काय' असं विचारतात. आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी मागच्या महिन्यात रात्रभर वाहत होती. ते प्रकरण विधानसभेत गेलं असतं, तर अण्णांच्या मते असं छापून आलं असतं :

(१) सदर इमारतीवरील पाण्याची टाकी रात्रभर ओसंडून वाहिली, हे खरे आहे काय. (२) असल्यास, त्या वेळी सेक्रेटरी गाढ झोपेत होते, हेही खरे आहे काय. (३) असल्यास, याप्रकरणी चौकशी करून कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर : (१) अंशतः खरे आहे. (२) नाही. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

'अंशतः खरे आहे.' या तीन शब्दांवर मी फिदा आहे. अण्णांना विचारलं, "नेमकं किती खरं असलं म्हणजे अंशतः?" ते म्हणाले, "तसा नियम नाही. सगळं नाकारता येत नाही आणि सगळं कबूल करायचं नाही, तेव्हा मधला रस्ता म्हणून वापरायचं." आणि मग त्या गुळगुळीत अहवालाकडे बोट दाखवून म्हणाले, "हासुद्धा अंशतःच आहे. नारळ फोडले ते खरे. ते फोडत नव्हते तेव्हा काय करत होते, ते यात नाही."

आता खरा प्रश्न येतो तो असा, की जे यात नाही ते सांगण्याचं बंधन आमदारावर आहे का? कायद्याचं बंधन नसेल. नैतिक आहे का? आणि असलंच, तर ज्याला ऐकायचंच नाही त्याला सांगण्याचं बंधन कोणावर असू शकतं का?

कारण आपण कोणाकडून कसला हिशेब मागतो, ते बघा. आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची. सहकारी संस्थांच्या कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि तीत हिशेब मांडावा लागतो. हा १९६० चा कायदा याच विधिमंडळानं केला, आणि आमच्याकडे तो वेदासारखा पाळला जातो. मागच्या सभेत जिन्यातल्या बल्बांच्या ३४० रुपयांवर पाऊण तास चर्चा झाली. बल्ब कोणत्या दुकानातून आणले, तिथूनच का आणले, जुने बल्ब कुठं गेले, आणि सेक्रेटरींच्या बाल्कनीत हल्ली उजेड जास्त का दिसतो, इथपर्यंत विषय पोचला. सेक्रेटरींनी जुने बल्ब पिशवीतून आणून टेबलावर मोजून दाखवले. अशी तडफ! आणि हीच चोवीस बिऱ्हाडं ज्या सभागृहात प्रतिनिधी पाठवतात, तिथं लाखो कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मंजूर होतो तेव्हा आपला माणूस त्यावर काय बोलला, याची चौकशी करत नाहीत. त्याला विचारतात ते एवढंच, की साहेब, गणपतीच्या आरतीला येणार ना?

निवडणुकीच्या आधी साहेब आमच्या सोसायटीत आले होते. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. प्रश्न विचारले गेले ते असे : भटकी कुत्री, पार्किंग, पाण्याचा दाब, समोरच्या झाडाची फांदी, पेव्हर ब्लॉक, पुन्हा कुत्री. साहेब प्रत्येक प्रश्नाला "नोंद घ्या रे" असं मागं वळून म्हणायचे आणि मागं उभा असलेला मुलगा मोबाईलवर काहीतरी टिपून घ्यायचा. मग बी विंगमधल्या एक बाई उठल्या. बँकेत नोकरी करतात, दोन मुलं शाळेत आहेत, एरवी फारशा बोलत नाहीत. हातात कागद होता.

"साहेब, शाळांच्या फीवर नियंत्रण आणणारा कायदा २०११ चा," त्या म्हणाल्या. "२०१८ साली त्यात दुरुस्ती झाली. आता फीबद्दल समितीकडे तक्रार करायची, तर निदान पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. मी एकटी गेले तर माझी तक्रार दाखलच होत नाही. आणि फी वाढली म्हणून पंचवीस टक्के पालक शाळेशी वैर घेणार आहेत का? मुलं त्यांच्याच ताब्यात असतात. तर ती दुरुस्ती झाली, तेव्हा तुम्ही सभागृहात होतात का? आणि असलात, तर काय म्हणालात?"

गच्चीवर शांतता पसरली. फांदीच्या प्रश्नावर तावातावानं बोलणारे गृहस्थ आकाशाकडे बघू लागले. सेक्रेटरी घाईघाईनं पुढं आले आणि म्हणाले, "ताई, चहा घ्या ना." अवघड प्रश्नावर चहा देणं, ही आपली फार जुनी संसदीय परंपरा आहे.

पण साहेबांनी हातानंच चहाला थांबवलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू? आठवत नाही. आवाजी मतदान झालं असणार. सगळे 'होय' म्हणतात, त्यात मीही म्हटलं असेन." आणि थोडं थांबून म्हणाले, "आणि विचारलंत म्हणून सांगतो. इतकी वर्षं आमदार आहे, हा असला प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला. मी कायद्याचं बोलायला लागलो की लोक मोबाईल काढतात. गटाराचं बोललो की टाळ्या वाजतात. मग मी काय छापू?"

माझ्या मते त्यांच्या सबंध अहवालापेक्षा ही चार-पाच वाक्यं जास्त मोलाची होती. मला ती अंशतःसुद्धा खोटी वाटली नाहीत. पण त्या बाईंचं समाधान काही झालं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं. आवाजी मतदानात अध्यक्ष 'होय' आणि 'नाही' यांच्या आवाजाचा अंदाज घेऊन निकाल देतात. कोणी मतविभागणी मागितली नाही, तर कोणता सदस्य काय म्हणाला, याची नोंद राहत नाही. म्हणजे साहेबांनी सभागृहात आवाज उठवला, हे अहवालातलं वाक्य खरंच होतं. तो आवाज कोणत्या बाजूला पडला, तेवढं मात्र त्यांनाही आठवत नव्हतं. आणि इकडे एका आईचा तक्रार करायचा रस्ता त्या आवाजात बंद झाला होता.

गटाराचा फोटो काढता येतो आणि कायद्याचा काढता येत नाही, अडचण आहे ती ही. पगारदार माणसाच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पी. टी.' असा एक रकाना असतो. शाळेतल्या पी. टी.शी त्याचा संबंध नाही. तो व्यवसाय कर. बहुतेकांचे दरमहा २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, कारण वर्षाचे २५०० भरायचे असतात. वर्षातला सगळ्यांत लहान महिना सगळ्यांत महाग का, यावर मी कचेऱ्यांमधून कडाक्याच्या चर्चा ऐकल्या आहेत. पण हा कर आला कुठून? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आठवा. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरली, आणि तिचा खर्च भागावा म्हणून १९७५ साली शहरातल्या पगारदारावर हा कर बसला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि दिल्लीला देशभरासाठी तसा कायदा करायला २००५ साल उजाडलं. म्हणजे डोंबिवलीतल्या एका कारकुनाच्या खिशातून मंगळवेढ्याच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी गेली. इतकी चांगली गोष्ट त्याच्या हातून झाली. त्याला आठवतात ते फेब्रुवारीत जास्तीचे कापलेले शंभर रुपये. त्याला कोणी सांगितलंच नाही.

दुसरं उदाहरण मृणाल गोरे यांचं. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या इतक्या भांडल्या, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. याच बाईंनी १९८६ साली विधानसभेत गर्भलिंग चाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं. सरकारनं १९८८ साली स्वतःचा कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा. पण नाव पडलं ते पाण्यावरून. साहजिकच आहे. नळाला पाणी आलं की ते बादलीत दिसतं. एखादी मुलगी त्या कायद्यामुळे जन्माला आली असेल, तर तिला तरी ते कुठं ठाऊक असणार? तिचा 'नंतर'चा फोटो कोणी छापायचा म्हटलं, तरी त्याला 'आधी'चा फोटो नाही.

आणि इथंही 'अंशतः' आहेच. कायदा झाला म्हणून काम झालं नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं १९९१ साली ९४६ मुली होत्या; २०११ साली त्या ८९४ झाल्या. कायदा असूनही घट झाली. म्हणजे 'अमुक कायदा केला' एवढं सांगणं हासुद्धा नारळ फोडल्याचाच फोटो. त्या कायद्याचं पुढं काय झालं, किती सोनोग्राफी केंद्रं तपासली, किती खटले टिकले, हे दर अधिवेशनात उठून विचारायचं, मंत्र्यांनी 'अंशतः खरे आहे' म्हटलं की उपप्रश्न विचारायचा, आणि मग आपल्या मतदारांना येऊन सांगायचं, की बाबांनो, आपण केलेला कायदा चालत नाही. असला अहवाल कोण छापील? त्यात मिठाईवाल्याच्या शुभेच्छा कुठं बसवायच्या?

प्रतिनिधीनं मतदाराचं ऐकावं की स्वतःच्या बुद्धीचं, या वादाला अडीचशे वर्षं होऊन गेली. १७७४ साली एडमंड बर्क यांनी ब्रिस्टलच्या मतदारांना निवडून आल्याबरोबर सांगून टाकलं, की मी तुमचा निरोप्या नाही. माझी विवेकबुद्धी तुमच्या मतासाठी बाजूला ठेवली, तर ती तुमची सेवा नव्हे, तुमच्याशी दगाबाजी. ब्रिस्टलकरांनी ऐकून घेतलं. १७८० साली, आता पडणार हे दिसल्यावर, बर्कसाहेबांना तिथून माघार घ्यावी लागली. विवेकबुद्धी शाबूत राहिली, जागा गेली.

आमच्या आमदारांपुढं हा पेचच उरलेला नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं तो सोडवून टाकला. पक्षानं व्हिप काढला (व्हिप म्हणजे चाबूक, इंग्रजांनी नावं ठेवताना आडपडदा ठेवला नाही) की त्याविरुद्ध मत देणाऱ्याची, नुसतं गैरहजर राहणाऱ्याचीसुद्धा, आमदारकी जाऊ शकते. सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात जाणाऱ्यांना आवरायला तो कायदा आला. ते कितपत आवरले, हे आपण बघतोच. पण एक झालं. मत दिलं ते माझं नव्हतं, असं म्हणायची सोय झाली. तेव्हा साहेब उद्या म्हणाले, की ताई, व्हिप होता, माझा इलाज नव्हता, तर त्यांना दोष कसा द्यावा?

मला वाटतं, द्यावा. मत चाबकाखाली दिलं असेल, पण तोंडाला चाबूक नव्हता. पक्षाच्या बैठकीत उठून हे पंचवीस टक्क्यांचं कलम काही बरं नाही, असं म्हणता आलं असतं. सभागृहात एखादी दुरुस्ती सुचवता आली असती. तेही जमलं नसेल, तर घरी येऊन सांगता आलं असतं, की असा असा कायदा झाला, मी हात बांधलेले असताना 'होय' म्हटलं, आणि यापुढं तुम्हाला एकट्यानं तक्रार करता येणार नाही, तेव्हा सावध असा. यात आमदारकी जात नाही. थोडी शोभा जाते. बी विंगमधल्या बाईंना हा कायदा समितीच्या कचेरीत कळला. तो त्यांना आपल्या आमदाराकडून कळायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्यावर काय लादलं गेलं, हे माणसाला कारकुनाच्या खिडकीत कळावं, यात त्याचा थोडा अपमान आहे.

असे आमदार नसतातच, असं मात्र म्हणवत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले. शेतकरी कामगार पक्षासारखा लहान पक्ष, आणि प्रवास एसटीनं. त्यांनी गुळगुळीत अहवाल काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एसटीत शेजारी येऊन बसलेला माणूस काय विचारील, याचा नेम नसतो. खिडकी उघडत नाही, पुढचा थांबा तासाभरानं, आणि शेजारचा म्हणतो, "आबा, त्या पाण्याचं काय झालं?" तिथं 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणून चालत नाही. दोन वेळा मतदारांनी त्यांना पाडलंही, १९७२ साली आणि १९९५ साली, आणि पुन्हा निवडूनही दिलं. हिशेब देणारा आणि घेणारा एकाच बाकावर बसले, म्हणजे दोघांनाही थोडं खरं बोलावं लागतं.

आता प्रत्येक आमदारानं एसटीनं फिरावं, असं मी म्हणणार नाही. एसटीतही जागा हवी. पण आमच्याकडे एक लहानशी गोष्ट झाली. यंदाच्या वार्षिक सभेत बी विंगमधल्या बाईंनी 'आमदारांना विचारावयाचे प्रश्न' असा एक विषय घालायला लावला. सेक्रेटरींनी तो शेवटचा घातला, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' याच्याही खाली. तोपर्यंत निम्मी मंडळी वडे खायला उठली होती. उरलेल्यांनी सुचवलेल्या प्रश्नांपैकी चार कुत्र्यांवर होते. पण फीचा प्रश्नही मंजूर झाला. आवाजी मतदानानं. कोणी मतविभागणी मागितली नाही.

पत्राचा मसुदा अर्थातच अण्णांनी केला. आयुष्यभर उत्तरं लिहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच प्रश्न लिहायला मिळाला, त्यामुळे ते दोन दिवस खुशीत होते. '(१) सन २०१८ मधील सदर दुरुस्तीच्या वेळी आपण सभागृहात उपस्थित होता, हे खरे आहे काय. (२) असल्यास, आपण कोणती भूमिका घेतली. (३) एकट्या पालकास तक्रार करता यावी यासाठी आपण येत्या अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडणार आहात काय. (४) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?' खाली चोवीसपैकी अकरा बिऱ्हाडांच्या सह्या आहेत. पंचवीस टक्क्यांच्या वर भरतात, असं बाईंनी हिशेब करून सांगितलं.

पत्र पोचल्याची सही शिक्क्यासकट आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. अण्णांच्या अंदाजानं ते अधिवेशन संपल्यावर येईल. बाई रोज बँकेतून येताना खालच्या टपालपेटीत बघतात, आणि हल्ली, मला वाटतं, वरचे फांदीवाले गृहस्थही बघतात.